जुन्या पेडल स्टीलला हात लावण्याआधी

प्रश्न वेंगुर्ल्याहून आला आहे, तो थोडक्यात असा. मामा मर्चंट नेव्हीत होते. एका सफरीत त्यांनी अमेरिकेतून पेडल स्टील गिटार (आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवत आणि पायाने पेडल दाबत वाजवायची गिटार) आणली, ती बरीच वर्षं माळ्यावर पेटीत पडून होती. पाटीवर ‘शो-बड’ लिहिलंय. सिंगल नेक, दहा तारा, तीन पेडल, गुडघ्याचे दोन लिव्हर. भाच्याने बाजारातून तारा आणून चढवल्या तर आवाज पत्र्यासारखा येतो. पेडल सोडल्यावर तार मूळ सुरावर परत येत नाही. ट्यूनर सगळ्या तारा बरोबर आहेत म्हणतो, पण दोन तारा एकत्र वाजवल्या की कानाला खुपतं. एका दुकानदाराने पिकअप (तारेच्या कंपनांचा विजेचा संकेत करणारा भाग) बदलायचा आणि लाकूड घासून पॉलिश करायचा सल्ला दिलाय. मामा आता थकलेत, पण त्यांना वाजवायची इच्छा आहे.

आधी उत्तर, मग कारणं. पिकअप बदलू नका. लाकडाला पॉलिशवाल्याचा हात लागू देऊ नका. तुमच्या तीन तक्रारींपैकी एकीचंही मूळ वाद्याच्या वयात नाही. पहिलीचं मूळ तारांत, स्पीकरमध्ये आणि उजव्या हातात आहे. दुसरीचं चेंजरमध्ये, म्हणजे पेडलनुसार तारांचा ताण बदलणाऱ्या यंत्रणेत आहे. तिसरीचं मूळ आहे तुम्ही ट्यूनरवर टाकलेल्या विश्वासात. या तिन्ही गोष्टी फारसा खर्च न करता सुटतात आणि वाद्य जसं आलं तसंच राहतं.

हवाईयन गिटार आपल्याकडे नवी नाही. लग्नातले ऑर्केस्ट्रा, गणपतीतले कार्यक्रम, रेडिओवरची वाद्यसंगीतातली चित्रपटगीतं यांतून त्या आवाजाची सवय आपल्या कानांना आहे. व्हॅन शिपले, हजारासिंग, सुनील गांगुली यांच्या तबकड्या घरोघरी वाजल्या आणि ब्रिजभूषण काब्रांनी तीच गिटार ख्यालाच्या अंगाने वाजवून दाखवली. पण त्या गिटारला पेडल नव्हते. तार जिथे लावली तिथे लावली, पुढचं सगळं डाव्या हातातल्या बारवर. पेडलने वाजत्या तारेचाच सूर वर-खाली करायची कल्पना अमेरिकेत रुजली. १९४०च्या दशकाच्या शेवटी वाद्य बांधणाऱ्या पॉल बिग्सबीने स्टीलवादक स्पीडी वेस्टसाठी पेडलचं वाद्य बांधलं, आणि १९५४च्या सुमारास बड आयझॅक्स या वादकाच्या वादनातून तार वाजत असतानाच पेडल दाबायची चाल लोकांच्या कानावर गेली. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स या दोघा वादकांनी मिळून शो-बड ही वाद्यांची कंपनी सुरू केली. नावातला ‘शो’ शॉटचा, ‘बड’ बडीचा. पुढे एमन्स वेगळा झाला आणि त्याच्या नावाची दुसरी कंपनी निघाली. जुनी पेडल स्टील म्हटलं की आजही जाणकारांत या दोन नावांवरून वाद रंगतात. त्या वादात आपण पडू नये. तुमच्याकडे आहे ती चांगली आहे.

जुन्या वाद्याचा गोडवा कुठून येतो, हेही तुम्ही विचारलंय. लाकूड मुरतं वगैरे मी ऐकून आहे, पण हे वाद्य काही पोकळ सतार नाही. कडक मेपलची जाड फळी, तिच्यावर धातूचा चेंजर, दोन्ही घट्ट जोडलेले. तारेची ऊर्जा लाकडात फार मुरत नाही, म्हणून सूर लांबतो. त्यावर त्या काळचे पिकअप: एकाच कॉइलचे, केसासारख्या बारीक तारेचे खूप वेढे घातलेले. मल्टिमीटर लावला तर साधारण पंधरा ते वीस किलोओहम दाखवतात. अशा पिकअपमध्ये मधले स्वर भरदार येतात आणि अगदी वरची किरकिर आपोआप थोडी कापली जाते. ज्याला आपण जुना गोडवा म्हणतो त्याचा मोठा भाग इथे आहे. तोच भाग दुकानदार काढून टाकायला सांगतोय.

आता चेंजर. उजव्या टोकाला प्रत्येक तार एका ॲल्युमिनियमच्या बोटावरून वळते. पेडल दाबला की खालचा रॉड ते बोट ओढतो आणि तार ताणली जाते. सोडला की तारेचाच ताण बोटाला परत टेकूवर आणून बसवतो; सूर उतरवणारा लिव्हर सोडल्यावर हे काम स्प्रिंग करते. बोट टेकूवर पूर्ण बसलं तरच खुल्या तारेचा सूर ठरलेला राहतो. इतकी वर्षं माळ्यावर म्हणजे तेल सुकून चिकट झालेलं, त्यात धूळ, आणि वेंगुर्ल्याची खारी हवा. बोट टेकूपासून केसभर आधी थांबतं आणि तार किंचित चढी राहते.

वाद्य पाय काढून, खाली जुनी गोधडी घालून उलटं करा. पहिलं काम तेल घालायचं नाही, रॉड तपासायचं. कुठलाही पेडल न दाबता प्रत्येक रॉड बोटाने हलवून बघा. किंचित खुळखुळला पाहिजे. एखादा रॉड ताठ असेल तर त्याच्या टोकाचा नायलॉनचा नट कुणीतरी जास्त आवळलाय, आणि तो रॉड बोटाला टेकूवर बसूच देत नाहीये. अशा वेळी चेंजर कितीही धुतला तरी उपयोग नाही. नट सैल करा, खुळखुळ येऊ द्या, मग पुढे जा. तार परत न येण्याच्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

मग धुणं. घड्याळवाल्यांकडे व्हाइट पेट्रोल असतं, ते थोडं घ्या. सिरिंजने चेंजरच्या बोटांमध्ये थेंब थेंब सोडा, पेडल दाबत-सोडत राहा, खाली फडकं धरा. काळं पाणी उतरायचं थांबेपर्यंत करा. हे काम पडवीत, वारा खेळता असताना करायचं. जवळ देवाची समई नको, सिगारेट नको. पिकअपवर आणि लॅकरवर थेंब पडू देऊ नका. वाळलं की प्रत्येक सांध्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, तोही सुईच्या टोकाने. गंज सोडवायचा फवारा मात्र नको. लावल्यावर दोन दिवस सगळं लोण्यासारखं चालतं आणि मग उरलेला थर धूळ धरून बसतो.

स्प्रिंगा काढून ताणून बघायचा मोह होईल. नका करू. आणि नट फिरवताना बरोबर मापाची षटकोनी चावी वापरा. पक्कड लावली की नायलॉनचे कोपरे गेले.

सत्तरच्या दशकातल्या काही वाद्यांच्या पोटात जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग असतात. समुद्राकाठी त्यांच्यावर पांढरी पूड धरते, कडा भुगा होऊन पडतात. तुमच्यात तसे असतील तर ब्रशने पूड झाडा, आणि एखादा भाग फुटलेलाच असेल तर नमुना घेऊन कुडाळच्या एमआयडीसीत एखादा चांगला लेथवाला गाठा. पितळेत किंवा ॲल्युमिनियममध्ये तसाच भाग करून मिळतो. कोकणातल्या बोटींच्या इंजिनांवर काम केलेल्या माणसाला हे फार कठीण नाही, फक्त ‘जरा मजबूत करून देतो’ म्हणून त्याने माप वाढवता कामा नये. जुना तुकडा टाकून देऊ नका, डबीत नाव लिहून ठेवा.

तारांकडे येऊ. बाजारातून आणलेल्या तारा अकूस्टिक गिटारच्या असणार, कारण आपल्याकडच्या दुकानात बहुतेक त्याच मिळतात. त्यांच्या जाड तारांवरचं वेष्टण ब्राँझचं असतं. पिकअप चुंबकावर चालतो आणि ब्राँझ चुंबकाला ओळखत नाही. त्यामुळे जाड तारा मऊ पडतात, बारीक साध्या तारा मात्र खणखणीत ऐकू येतात. पत्रा वाजतोय असं वाटण्याचं हे पहिलं कारण. निकेलचं किंवा स्टेनलेस स्टीलचं वेष्टण असलेल्या तारा हव्यात. ई नाइन्थ या प्रचलित जुळणीसाठी पहिल्या तारेपासून, म्हणजे तुमच्यापासून सगळ्यात लांबच्या तारेपासून, इंचाच्या हजारांशात साधारण १३, १५, ११, १४, १७, २०, मग वेष्टणाच्या २६, ३०, ३४ आणि ३८. तयार संच मागवता आला तर उत्तम. नाहीतर इलेक्ट्रिक गिटारच्या सुट्या तारा मापाने घ्या. २० नंबरची साधीच घ्यायची, वेष्टणाची नको. तिसरी, ११ची, आपल्या ताकदीच्या टोकाशी ताणलेली असते आणि सगळ्यात आधी तुटते. तिच्या चार जास्तीच्या आणून ठेवा.

ती तार नेहमी चेंजरच्या बोटावरच तुटत असेल तर बोटाच्या माथ्यावर तारेने खाच पाडलीय. भिंगातून बघा. खाचेमुळे तार तुटते आणि शिवाय सुराला एक झणझणाट चिकटतो. तंबोऱ्याला जवारी लागते, ती आपण दोरा सरकवून आणतो. इथे मात्र जवारी म्हणजे बिघाड. दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने, तारेच्या दिशेने, माथा गुळगुळीत करा. गोलाई बदलू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं: जुळणी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या लोकांना हे वाद्य परकं वाटतं ते फक्त इंग्रजी अक्षरांमुळे. सरगममध्ये लिहिलं की ते ओळखीचं होतं.

खुला सा पांढरी तीन धरा. मग पहिल्या तारेपासून क्रमाने: रे, शुद्ध नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. चौथी तार मध्य सा, आठवी त्याच्या खालच्या सप्तकातला सा. पहिल्या दोन तारा क्रमात बसत नाहीत हे पाहून गोंधळू नका. रे आणि नी हे सूर हाताशी असावेत म्हणून ते वर नेऊन ठेवलेत. पहिला पेडल पाचव्या आणि दहाव्या तारेवरचा प उचलून ध करतो. दुसरा पेडल तिसऱ्या आणि सहाव्या तारेवरचा ग उचलून शुद्ध म करतो. तिसरा चौथ्या तारेवरच्या सा चा रे आणि पाचवीवरच्या प चा ध करतो. काही वादक पहिल्या आणि तिसऱ्या पेडलची जागा उलटी ठेवतात, तेव्हा मामांचं वाद्य कसं बांधलंय ते आधी दाबून बघा. लिव्हर दोनच असतील तर बहुधा एक सा ला कोमल रे वर नेतो आणि दुसरा सा ला शुद्ध नी वर उतरवतो.

आता बार बारा पडद्यांपैकी कुठेही ठेवा आणि हलवू नका. सा, रे, ग, प आहेतच, पहिल्या पेडलने ध आला. भूप तयार. दुसरा पेडल धरून ठेवा, ग चा म झाला: सा रे म प ध, दुर्गा. पेडल हळू दाबला की ग वरून म वर जाणारी मींड मिळते, आणि शेजारची सा ची तार तशीच स्थिर वाजत राहते. साध्या हवाईयन गिटारवर बार सरकवला की सगळ्याच तारा सरकतात. एक सूर थांबलाय आणि दुसरा त्याच्याजवळून चालत गेलाय, हे तिथे होत नाही. नाट्यगीत किंवा भावगीत वाजवणाऱ्याला या वाद्याने काय नवं दिलं, असं कोणी विचारलं तर मी हेच वाजवून दाखवतो.

पट्टी बदलायची तर गायिकेच्या काळी चारसाठी चौथा पडदा, पुरुषाच्या काळी एकसाठी नववा. पण पहिले दोन पेडल एकत्र दाबून धरले की खुल्या तारांवर पांढरी सहाचा सा मिळतो: तिसरी-सहावी सा, पाचवी-दहावी ग, चौथी-आठवी प. म्हणजे काळी एक चौथ्या पडद्यावरही सापडते. वर-खाली धावण्यापेक्षा ही दोन घरं ओळखीची करून घ्यावीत.

ट्यूनर आता बघू. तो पेटीसारखे, म्हणजे हार्मोनियमसारखे, सप्तकाचे बारा सारखे भाग करतो. एक भाग म्हणजे १०० सेंट, म्हणून त्याचा ग ४०० सेंटवर. तंबोऱ्याच्या षड्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो असतो ३८६ वर. चौदा सेंटचा फरक. एकट्या सुरात तो चालून जातो, पण सा आणि ग एकत्र लांबवले की दोघांत थरथर सुरू होते. स्टीलचा सूर इतका लांबतो की ती थरथर लपत नाही. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं, त्यावेळच्या आक्षेपांतही हा एक होताच.

तेव्हा मोबाईलवर तंबोरा पांढरी तीनला लावा आणि कानाने जुळवा. आकडेच हवे असतील तर ट्यूनरच्या शून्यापासून: सा शून्यावर, प दोन सेंट चढा, ग चौदा सेंट उतरा, शुद्ध नी बारा उतरा, कोमल नी चार उतरा. आधी सगळ्या खुल्या तारा खुंट्यांनी. मग पेडल दाबून नायलॉनच्या नटांनी म दोन उतरा आणि ध सोळा उतरा. क्रम उलटा केलात तर दिवसभर फिरत राहाल.

रे कुठे? प बरोबर जुळवला तर चार सेंट चढा येतो. पण मग ध बरोबर वाजवला की दोघांत बावीस सेंटची तेढ पडते. ध शी जुळवला तर प शी बिनसतो. दोन्ही एकदम खरे होत नाहीत, हे गणितच आहे, तुमच्या वाद्याचा दोष नाही. धैवताच्या या भानगडी आपल्या गायकांना नव्या नाहीत. मी रे प शी जुळवतो आणि रे-ध ही जोडी लांबवत नाही. एकामागून एक वाजवल्या तर काही कळत नाही. आणि हो, साथीला पेटी असेल तर चौदा सेंट उतरलेला ग पेटीशी भांडेल. तेव्हा निम्म्यावर, सहा-सात सेंटवर तडजोड करा. पेटीवाल्याला सूर बदलायला सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट ट्यूनर लावून बघा. चौथी तार वाजवून पहिले दोन पेडल दाबा. तिला पेडलने काही व्हायला नको, तरी ती दोन-पाच सेंट उतरेल. ताण वाढला की फळी आणि सांगाडा किंचित वाकतात, म्हणून. प्रत्येक पेडल स्टीलमध्ये हे कमी-जास्त असतंच. सा खुल्यावर दोन-तीन सेंट चढा ठेवला की दोन्हीकडे सुसह्य होतं. दहाच्या वर उतरत असेल तर पायांचे सॉकेट, टोकांच्या धातूच्या पट्ट्या आणि पेडलची आडवी पट्टी यांचे स्क्रू तपासा. कुठेतरी सैल असणार.

तारा बदलल्या, जुळणी झाली, तरी थोडा पत्रा उरेल. तो उजव्या हातात आहे. चेंजरजवळ छेडलं की वरचे उपस्वर जास्त उठतात आणि आवाज कडक होतो. थोडं डावीकडे, शेवटच्या पडद्यांच्या आसपास छेडलं की भरदार. पण हे अंतर बारवर अवलंबून आहे. बार बाराव्या पडद्यावर गेला की वाजणारी तार निम्मी उरते, त्यामुळे तीच जागा आता तिच्या जवळजवळ मधोमध येते आणि आवाज पोकळ होतो. बार जसा वर जाईल तसा उजवा हात चेंजरकडे सरकवायचा. हे कुणी सांगत नाही आणि पुष्कळ लोक मग टोनच्या बटणाशी झगडत बसतात.

नखं दोन बोटांना धातूची, अंगठ्याला प्लास्टिकची. धातूची पाती बोटाच्या गोलाईवर वाकवून घ्या, सरळ ठेवली तर तारेला खरवडतात. वाजवून झालेली तार तळहाताच्या कडेने लगेच मिटवायची. हे जमेपर्यंत काहीच गोड लागणार नाही, कारण दहा तारा एकमेकींत मिसळून चिखल होतो. बार जड घ्या, दोनशे ग्रॅमच्या वरचा, आणि दाबू नका. त्याचं वजनच पुरेसं असतं. दाबला की सूर चढतो आणि तार पडद्याच्या पट्टीकडे झुकते. आंदोलन लहान. ऑर्केस्ट्रातल्या हवाईयन गिटारची ती सतत थरथर मला कधी आवडली नाही. तिच्यामुळे बेसूर लपतो, हे मात्र तिच्या बाजूने मान्य.

व्हॉल्यूमचा पेडल हा या वाद्याचा अर्धा श्वास. नवखे तो बंद करून तार छेडतात आणि मग उघडतात, प्रत्येक सूर हुंदक्यासारखा येतो. पेडल अर्ध्यावर ठेवून छेडा आणि सूर विझायला लागला की हलकेच पुढे दाबत न्या. पेटी वाजवणारा भात्यावर हात कसा ठेवतो ते आठवा. हवा संपायच्या आधीच तो भरत असतो. मामांच्या व्हॉल्यूम पेडलमधला पॉट (आवाज कमी-जास्त करणारा फिरता भाग) खरखरत असेल तर ५०० किलोओहमचा नवा टाका. इथे मूळ भागाचा हट्ट नको, तो झिजण्यासाठीच असतो.

पिकअपबद्दल एवढंच. मल्टिमीटरने वर सांगितलेला आकडा आला की तो जिवंत आहे. काहीच दाखवलं नाही तर आधी सोल्डरचे सांधे बघा, खाऱ्या हवेने ते हिरवे पडतात आणि सुटतात. तारांपासून तीन ते चार मिलिमीटर खाली ठेवा. फार वर असेल तर छेडल्याचा ठोका मोठा आणि मागचा सूर छोटा होतो. पन्नास हर्ट्झची गुणगुण येणारच, एकाच कॉइलच्या पिकअपला तिचा इलाज नाही. ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर बंद करा, वाद्य थोडं फिरवून बसा, एका दिशेला गुणगुण निम्मी होते.

मामांनी ॲम्पही आणला असेल तर तो १२० व्होल्टचा आहे. आपल्या २३० ला थेट लावलात तर गेला. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, ॲम्पच्या मागे लिहिलेल्या वॅटच्या किमान दीडपट क्षमतेचा, आणि तिसऱ्या पिनचं अर्थिंग त्यातून पुढे गेलं पाहिजे. दोन पिनांचा जुना ॲम्प असेल तर आधी जाणत्या माणसाकडून तीन पिनांची वायर बसवून घ्या. या वाद्यात तुमचे दोन्ही हात धातूवर असतात. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग कोरडं पडतं, तेव्हा खड्ड्यात पाणी घालत जा. परतीच्या पावसात आभाळ वाजायला लागलं की प्लग काढून ठेवायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. ॲम्प नसेल तर गणपतीच्या मंडळाच्या बॉक्सवर जोडू नका. त्यातल्या हॉर्नमधून येणारी किरकिर म्हणजे तुमचा उरलेला पत्रा. बारा किंवा पंधरा इंची एकच स्पीकर असलेला ॲम्प, वरचे सूर कमी, मधले किंचित कमी, थोडा रिव्हर्ब. इको नको.

लॅकरवर बारीक तडे असतील, ते राहू द्या. मऊ सुती कापड, लागलंच तर किंचित ओलं, बस. मूळ लॅकर गेलं की वाद्याची किंमत पडते, आणि पॉलिशवाला घासताना पडद्यांच्या खुणांची पट्टीही खराब करतो. सावंतवाडीचे लाखकाम करणारे कारागीर हाताचे सोन्यासारखे, पण त्यांनाही हे काम देऊ नका.

वाद्य ठेवायच्या पेटीचं अस्तर हाच खरा शत्रू आहे. मखमलीने मृगापासून ओल धरलेली असते आणि तुम्ही वाद्य त्यात गुंडाळून ठेवता. पेटीच्या प्लायवूडला वाळवी लागलीय का ते ठोकून बघा. वाद्य पावसाळ्यात बाहेरच, पायांवर उभं, भिंतीपासून हातभर लांब, वरून सुती चादर. प्लास्टिक नको, आतून पाणी सुटतं. वाजवून झालं की प्रत्येक तार चिमटीत कापड धरून पुसा, खालूनही. आपल्याकडे न पुसलेल्या साध्या तारेला आठवड्यात गंज चढतो आणि बार त्यावरून खरखरत जातो.

शेवटी मामा. उंच अमेरिकन खुर्चीच्या मापाने हे बांधलेलं असतं. मांड्या फळीखाली सहज गेल्या पाहिजेत, पाऊल जमिनीवर टाच टेकून पेडलवर यावं. पेडलपासून वर जाणाऱ्या काड्यांची लांबी फिरवून बदलता येते, तेवढ्याने पेडल उचलून घ्या. पहिले दोन पेडल एकाच पावलाखाली येतात. मामांनी घोटा डावी-उजवीकडे कलवून एकावरून दुसऱ्यावर जायचं, पाऊल उचलायचं नाही. नव्या फरशीवर सगळं घसरतं, खाली काथ्याची चटई घाला. गुडघे दुखत असतील तर लिव्हर तूर्त विसरा. तीन पेडलांवर भूप आणि दुर्गा आहेत, त्यांना पुष्कळ दिवस पुरतील.

हे सगळं झाल्यावरही एखादी तार परत येत नसेल, तर चेंजरचा खालच्या बाजूने फोटो काढा. कोणत्या पेडलने किंवा लिव्हरने ती बिघडते आणि सुटल्यावर किती सेंट चढी किंवा उतरी राहते, ते त्याबरोबर लिहून पाठवा. चढी राहत असेल तर बहुधा बोट अडकतंय. उतरी राहत असेल तर स्प्रिंग कमकुवत आहे, किंवा डावीकडे नटजवळ (हा नायलॉनचा नट नव्हे, खुंट्यांपाशी तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) तार घासतेय. तिथे पेन्सिलीची शिशाची पूड लावून आधी बघा.